कुशाबाईच्या दारातून पुढं गेलेला ट्रॅक्टर

धामणटेकात भरतला भरत म्हणून हाक मारणारी माणसं दोन-चारच उरलीत. बाकी सगळं गाव त्याला मिटवभाऊ म्हणतं, आणि ह्यात गावाची काही चूक नाही. कुठं दोन माणसांचा आवाज चढला, की हा कांद्याच्या वाफ्यातून उठून, हातातलं खुरपं तसंच घेऊन तिथं हजर व्हायचा. "ऱ्हाऊ द्या आता, मिटवून टाका," हे त्याचं पहिलं वाक्य, आणि "चार चहा सांग रे," हे दुसरं. तिसऱ्याची गरज पडत नसे. भांडणारे दोघं एकाच बाकड्यावर बसून बशीतला चहा फुंकायला लागले, की भांडण मिटलं असं गावानं धरून चालायचं. आतून काय मिटलं आणि काय मुरलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

घरात मात्र ह्या गृहस्थाला काडीची किंमत नाही. त्याची बायको उज्ज्वला म्हणते, "सासूबाईंचं आन् माझं बारा वर्सं चाललं, तवा ह्यांना रानात काम असायचं."

तर अशा ह्या माणसाला गावानं तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केला. पुढं गावाला तंटामुक्तीचं बक्षीसही मिळालं. वेशीवर निळा बोर्ड लागला. मोठ्या अक्षरात 'तंटामुक्त गाव धामणटेक', आणि खाली समितीच्या लोकांची नावं, भरतचं सगळ्यात वर. आता हा बोर्ड नेमका कुणाच्या घरापुढं रोवला, तर कुशाबाईच्या. तिच्या ओट्यावर बसलं, तर बोर्डाची मागची गंजकी बाजू तेवढी दिसते. बोर्ड लावताना हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं म्हणतात. आपण मानून घेऊ.

गेल्या जूनमध्ये तालुक्याच्या एका संस्थेनं समित्यांच्या लोकांसाठी वर्षाचा वर्ग काढला, शनिवार-रविवारचा. नाव ऐकूनच निम्मी माणसं पळाली: 'संक्रमणकालीन न्याय आणि शांतता-उभारणी'. भरत पळाला नाही, कारण पत्रात शेवटी प्रमाणपत्राचा उल्लेख होता आणि समितीच्या बोर्डाखाली एक फ्रेम बसेल एवढी जागा होती.

शिकवायला आरती मॅडम. महाळुंगे पडवळची पोर, तिशीची, चष्मा, पायात साधी चप्पल, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचा डुलकी घेणाराही उठून बसावा. पहिल्याच दिवशी भरतनं हात वर करून विचारलं, की मॅडम, हे संक्रमणकालीन म्हणजे नेमकं काय? संक्रांतीशी काही संबंध आहे का? वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भरतभाऊ, भांडण मिटलं असं सगळे म्हणतात, आणि तरी एक घर मान खाली घालून चालतं. त्या घराचं काय करायचं, ते इथं शिकायचंय."

पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती. प्रत्येकानं आपल्या गावातली एक जुनी दुखापत निवडायची आणि वर्षभर तिच्यावर काम करायचं, एवढाच अभ्यास. काय घडलं ते शोधायचं, ज्यानं केलं त्याला कबूल करायला जागा द्यायची, ज्याचं गेलं त्यालाच विचारायचं की आता काय हवं, आणि पुन्हा तसं होऊ नये अशी काही सोय लावायची. त्यासाठी मॅडमनी प्रत्येकाला एक जाड वही दिली. उजव्या पानावर समोरचा काय बोलला ते लिहायचं. डाव्या पानावर, ते ऐकताना आपल्याला काय झालं ते. आणि एक नियम: ऐकताना तोडगा काढायचा नाही.

हा नियम भरतला फार जड गेला. म्हणजे सुताराला सांगावं, लाकडाला हात लाव पण हत्यार काढू नकोस.

त्यानं आपलं सोपं काम निवडलं. दोन भावांची बांधावरून चाललेली कटकट. मॅडमनी ते परत केलं. म्हणाल्या, हे चालू आहे, मला संपलेलं हवंय. भरत म्हणाला, तसलं जुनं दुखणं आमच्या गावात एकही नाही, तसा बोर्डच आहे. मग मॅडम तो बोर्ड बघायला आल्या. श्रावणातले दिवस, ऊन-सावलीचा खेळ चाललेला. भरत त्यांना गावात नेऊन सत्कार करायच्या बेतात, आणि बाई बोर्ड बघता बघता मागच्या ओट्यावर पाणी प्यायला जाऊन बसल्या. दहा मिनिटं म्हणता म्हणता तास झाला. भरत रस्त्यावर उभा. पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयाला जसं वाटतं, तसं त्याला वाटत होतं. आत जावं तरी पंचाईत, न जावं तरी पंचाईत.

बाहेर आल्या तेव्हा मॅडमनी एवढंच विचारलं, "भंडाऱ्याच्या भाकरी कोण गोळा करतं?"

इथं धामणटेकची रीत सांगायला हवी. माघात देवीचा भंडारा असतो. आमटी गावाची, भाकरी घराची. देवळापुढं मोठमोठ्या काहिलींत आमटी उकळते, तिचा वास पार हायवेपर्यंत जातो. आणि भाकरी प्रत्येक उंबऱ्यामागं पंचवीस, बाजरीच्या. बायका पहाटेपासून थापत बसतात. सकाळी ट्रॅक्टर निघतो. ट्रॉलीत धुतलेली ताडपत्री, वर पांढऱ्या चादरी, आणि मागं उभी राहिलेली सात-आठ माणसं. प्रत्येक दारापुढं ट्रॅक्टर थांबतो, बाई दुरडी घेऊन पुढं येते, भाकरी ट्रॉलीत जातात, ट्रॅक्टर पुढं. सगळ्या घरांच्या भाकरी एका ढिगात. जेवताना कुणाच्या ताटात कुणाची भाकरी येईल, सांगता येत नाही. तीच त्यातली मजा. ज्याच्या दारात ट्रॅक्टर थांबतो, तो गावातला.

कुशाबाईच्या दारात दोन हजार चार साली ट्रॅक्टर थांबला नाही. त्यानंतर एकदाही थांबला नाही.

त्याचं कारण आदल्या वर्षीच्या यात्रेतलं. तमाशाच्या फडापुढं जागेवरून बाचाबाची झाली आणि गावातल्या तिघा-चौघा पोरांनी डोंगरातल्या एका पोराचा पाय मोडला. कांदे लावायला मजुरीनं आलेला पोरगा तो. फौजदार आला तेव्हा गावाचं एकमत होतं, की गर्दीत पडला. कुशाबाईचा नवरा सोपान तेवढा म्हणाला, "पडला न्हाई, पाडला. मी व्हतो तिथं." मारणाऱ्यांत तेव्हाचे सरपंच सावळेराम अण्णांचा पुतण्या होता. केस पुढं फार चालली नाही, पोरं सुटली. गाव सोपानला काही बोललं नाही. भांडलंही नाही. फक्त पुढच्या माघात ट्रॅक्टर थांबला नाही, आणि मग हळूहळू बाकीचं थांबलं. हळदी-कुंकवाची बोलावणी आली नाहीत. लग्नाच्या पत्रिका शेजारच्या घरापर्यंत येऊन वळल्या. गिरणीत तिच्या दळणाचा नंबर रोज शेवटी लागायला लागला. मुलानं चाकणला कंपनी गाठली, तो दिवसाउजेडी गावात क्वचितच येई. सोपान आठ वर्षांपूर्वी गेला.

तर भरतच्या वहीचा विषय असा ठरला. ठरला म्हणजे मॅडमनी ठरवला आणि भरतनं मान हलवली.

मान हलवताना त्यानं जे सांगितलं नाही, ते सांगायची वेळ आता आलीच आहे. दोन हजार चारला ट्रॅक्टर चालवत होता भरतच.

गाव हे जाणत होतं. मॅडमना ठाऊक नव्हतं. आणि भरत वही काखेत मारून घरोघर विचारत फिरायला लागला, की बाबांनो, सोपानच्या घराला वाळीत टाकायचं कुणी ठरवलं? आता गंमत बघा. ज्याच्याकडं जावं, तो चहाच्या कपात बघत बोले. "ते काय, ट्रॅक्टर थांबला न्हाई ना त्या साली." बस. ट्रॅक्टरवर कोण होतं, ते कुणी उच्चारायचं नाही. जणू ट्रॅक्टर आपल्या मनानंच सगळं गाव फिरून आला होता. एका म्हाताऱ्यानं तर सभ्यपणाची कमाल केली. म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्याला ठावं असंल, पर तो आता कुठं असतो कोण जाणे." आणि भरतला आग्रहानं दुसरा चहा दिला. भरतनंही तो घेतला.

कुणी ठरवलं, ह्याचं उत्तर मात्र कुणाकडंच नव्हतं. पोरं म्हणाली, म्हाताऱ्यांनी ठरवलं असणार. म्हातारे म्हणाले, सरपंचानं सांगितलं असणार. मग भरत सावळेराम अण्णांकडं गेला. अण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे, एका कानानं ऐकू कमी. ते म्हणाले, "मी? मी कशाला सांगू? सोपान्याचा राग व्हता मला, खोटं कशाला बोलू. पर मी कायबी सांगितलं न्हवतं. ट्रॅक्टर तिथनं तसाच फुडं आला. मला वाटलं, गावानं ठरवलं. बरं झालं म्हटलं, माझ्यावर आलं न्हाई."

भरतनं हे सगळं उजव्या पानांवर नीट लिहिलं. अक्षर त्याचं चांगलं. डावी पानं कोरी.

कुशाबाईकडं तो सगळ्यात शेवटी गेला. दिवाळी उलटून गेली होती. ती ओट्यावर घेवडा सोलत बसलेली, सत्तरीची बाई, पाठ अजून ताठ. तिनं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सोललेल्या शेंगांचं सूप थोडं सरकवून जागा केली. मॅडमनी शिकवल्याप्रमाणं भरतनं वही उघडली.

ती बराच वेळ बोलली. दर वर्षी भंडाऱ्याला पंचवीस भाकरी थापते, हे तिनं असं सांगितलं, जसं दुसरी बाई आज वालाची भाजी केली म्हणून सांगते. पहाटे उठायचं, भाकरी करायच्या, दुरडीत घालून वर धुतलेलं फडकं टाकायचं, दाराशी उभं राहायचं. ट्रॅक्टर गेला की आत यायचं. पहिल्या वर्षी सोपान म्हणाला होता, कशाला उभी राहतेस? ती म्हणाली होती, त्यांनी न्हाई घेतल्या हे त्यांचं. मी न्हाई केल्या असं हुयाला नको. मग चार दिवस नवरा-बायको त्याच शिळ्या भाकरी दुधात कुस्करून खात. आता एकटीला संपत नाहीत, गाईला घालते.

"तो डोंगरातला पोरगा," भरतनं कसंबसं विचारलं, कारण मॅडमनी नकाशा काढायला सांगितला होता, ज्याला ज्याला लागलं त्याचं नाव वर्तुळात, आणि एका वर्तुळात भरतला नाव लिहिता आलं नव्हतं. अख्ख्या गावात कुणालाच ते सांगता आलं नव्हतं.

"रामनाथ," कुशाबाई म्हणाली. "भीमाशंकरच्या वाटंला वाडी हाय त्याची. भातशेती करतो. लंगडतो. आमचं हे दर साली जाऊन येत त्याच्याकडं, व्हते तवर."

मग तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "भरत, मला कुणाला कायबी करायचं न्हाई. एकच इच्यारायचंय. त्या दिशी तुला कुणी सांगितलं व्हतं?"

भरत म्हणाला, बघून सांगतो. आता वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीत बघण्यासारखं काय असतं? पण तेच तोंडातून निघालं, आणि तो उठून आला.

पुढच्या शनिवारी मॅडमनी वह्या तपासल्या. भरतची वही त्यांनी उघडली, कुशाबाईचं पान काढलं, आणि उलटी फिरवून त्याच्यापुढं ठेवली. उजवीकडं सहा पानं गच्च. डावीकडं सहा पानं पांढरी फटक. मग त्यांनी पुढच्या बाकावरच्याची वही घेतली.

भरत घरी आला तो जेवणावर लक्ष नाही. उज्ज्वलानं ताट वाढून विचारलं, की आता वर्गात कुणी मारलं का? मग त्यानं तिला सांगितलं. कुणीच सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे तेव्हा त्याच्या लाल ट्रॅक्टरचा स्टार्टर गेला होता. एकदा बंद पडला की ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. क्लचही धड नव्हता, थांबवला की इंजिन बंद पडायचं. त्या दिवशी तो उतार बघून बघून थांबवत होता. कुशाबाईचं दार सपाटीवर. थांबला असता तर तिथंच बसला असता. एवढीच गोष्ट, आणि गावानं त्याचं काय केलं. सांगताना त्याला हलकं वाटायला लागलं. शेवटी काय, स्टार्टरचा दोष.

उज्ज्वला भात कालवत होती. ती त्या साली नवी सून होती आणि तिनं स्वतःच्या हातानं पंचवीस भाकरी त्या ट्रॉलीत टाकल्या होत्या. ती म्हणाली, "सावळेराम अण्णांच्या दारात कुठला उतार हाय?"

भरतचा घास थांबला.

"तिथं थांबला व्हता ना तुमी. मी बघितलंय. बंद पडला, आन् मागची समदी खाली उतरून हसत हसत ढकलत व्हती. अण्णांनी गूळ-पाणी दिलं त्यांना."

तिनं आमटी वाढली आणि आत गेली. भांडण मिटवायला तिला कधीच चहा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून भरत थेट कुशाबाईच्या ओट्यावर गेला. वही नेली नाही.

"मावशी, मला कुणी सांगितलं न्हवतं," तो म्हणाला. मग स्टार्टरचं सांगितलं. ती ऐकत होती. स्टार्टरवर तो थांबला असता, तर कदाचित तिनं मान हलवली असती आणि गोष्ट इथंच मिटली असती. जुन्या सवयीनं त्याच्या जिभेवर 'तर असं झालं' आलंही होतं. पण तो बोलत राहिला. "तुमच्या दाराशी आल्यावर म्या पाय उचलला व्हता. थांबायच्या बेतात व्हतो. मागं वळून बघितलं, की थांबलो तर ढकलाया उतरतील का. तर ट्रॉलीवरची समदी पलीकडं उसाकडं बघत व्हती. एकानंबी माझ्याकडं बघितलं न्हाई. मला कळलं, हितं कुणी उतरायचं न्हाई. मी एकटा पडलो असतो तुमच्या दारात. म्हणून म्या गाडी फुडं काढली."

कुशाबाई बोर्डाच्या गंजक्या पाठीकडं बघत राहिली.

"म्हंजे कुणीच सांगितलं न्हाई," ती हळू म्हणाली. "यांना वाटायचं, सरपंच. मरंस्तवर वाटायचं."

"कुणीच न्हाई."

"एक वर्स स्टार्टरचं. बाकीची वर्सं?"

"बाकीच्या वर्सांना कायबी कारण न्हाई, मावशी."

ती उठून आत गेली. भरतला वाटलं, झालं, आता येणार नाही. पण ती पाणी घेऊन आली. फुलपात्र त्याच्या हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं. "पी, आन् जा," म्हणाली.

गोष्ट गावात फुटायला दुपार पुरली. भरतनंच समितीच्या बैठकीत ती सांगितली. ट्रॉलीवर त्या दिवशी उभे असलेल्यांपैकी चौघं बैठकीत होते. एकाला तेवढ्यात फोन आला. समितीनं गावाच्या पद्धतीनं ठराव केला, की भंडाऱ्याला देवीपुढं कुशाबाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, फोटो काढायचा आणि विषय मिटवायचा. सगळ्यांना बरं वाटलं. भरत पहिल्यांदाच मिटवूया म्हणाला नाही. त्यानं सांगितलं, की मॅडमनी शिकवलंय, काय हवं ते तिलाच विचारायचं. तेव्हा कुणीतरी कुजबुजलं, मॅडमच्या पदराला बांधलाय मिटवभाऊ. ते गावभर झालं, आणि उज्ज्वलानं भाजी निवडता निवडता चार बायकांत सांगितलं, "बरं हाय, कुणाच्या तरी पदराला ऱ्हायला शिकले."

कुशाबाईनं शाल नको म्हटलं. मग बऱ्याच दिवसांनी, पौष सरता सरता, तिनं भरतला बोलावून घेतलं. विचारलं, तो लाल ट्रॅक्टर आहे का अजून? होता. नवा घेतला तरी जुना मळणीसाठी ठेवला होता, स्टार्टरही केव्हाच बदलला होता, पण डिझेलचं जुनं इंजिन, चावी नसली तरी ढकलून सुरू व्हायचं.

"भंडाऱ्याला तोच आन," ती म्हणाली. "माझ्या दारात थांब. बंद कर. चावी माझ्याकडं दे. मग ज्याला ढकलायचं त्यो ढकलंल."

"आन् कुणी आलं न्हाई तर?"

"तर उभा ऱ्हाशील," कुशाबाई म्हणाली. "मी ऱ्हायलीच की. आन् भरत, तू मागं बघायचं न्हाई. एकदा बघितलंस, तेवढं बास झालं."

भरतनं हे गावाला सांगितलं तसंच्या तसं. हसणारे हसले. ट्रॅक्टर ढकलायला काय, आम्ही येऊ की, असं म्हणणारेही बरेच निघाले. पण आपल्या गावात येऊ म्हणणं आणि येणं ह्यांत किती अंतर असतं, हे मिटवभाऊइतकं कोण जाणणार?

माघातली ती सकाळ थंड होती. लाल ट्रॅक्टर धुऊन-पुसून, हार घालून निघाला. मॅडम देवळापाशी बसल्या होत्या, म्हणाल्या, हे तुमचं काम आहे, मी येत नाही. भरतनं वरची आळी केली, मधली आळी केली, भाकरींचा ढीग वाढत गेला. ट्रॉलीवरची माणसं नेहमीपेक्षा कमी बोलत होती. मग वेशीपाशी आला. कुशाबाई दुरडी घेऊन दाराशी उभी होती, दर वर्षीसारखी, त्याच जागी. भरतनं ट्रॅक्टर थांबवला. बंद केला. चावी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती कनवटीला लावली, दुरडी ट्रॉलीत रिकामी केली, आणि ओट्यावर जाऊन बसली.

भरत पुढं बघत राहिला. समोर बोर्डाची गंजकी पाठ होती, पलीकडच्या बाजूला सगळ्यात वर त्याचं नाव. इंजिन बंद झाल्यावर किती लांबचं ऐकू येतं, ते त्याला तेव्हा कळलं. देवळाकडची हलगी ऐकू यायला लागली. ट्रॉलीवरून कुणी उतरलं का, ते कळेना. कुणीतरी खोकलं. मान वळवायची इतकी इच्छा त्याला आयुष्यात कधी झाली नसेल. त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं, क्लच दाबून गिअर टाकला, आणि वाट बघत बसला. पाय भरून आला.

मग बांगड्या वाजल्या. मागं पहिला हात कुणाचा लागला, ते त्याला दिसलं नाही, पण आवाज ओळखीचा होता. "सरका वं जरा, हितं धरायला जागा द्या," उज्ज्वला कुणाला तरी म्हणत होती. मधल्या आळीच्या बायका दुरड्या खाली ठेवून आल्या होत्या. ट्रॉली नुसती कुरकुरली. भाकरी होत्या, काही धोंडे नव्हते, पण जुनं धूड ते, बायकांच्या जोरानं हलेना. मग दडदड चपला वाजल्या. मग एक काठी रस्त्यावर पडल्याचा आवाज आला, आणि सावळेराम अण्णांचा जरा जास्तच मोठा आवाज, कारण त्यांना स्वतःचंच ऐकू येत नाही: "मला बी जागा द्या रं. माझ्या दारात ढकलला व्हता ना."

ट्रॅक्टर हलला. एक हात, दोन हात, मग चाक फिरायला लागलं. भरतनं क्लच सोडला. इंजिनानं एक आचका दिला, काळा धूर टाकला, आणि धरलं.

त्यानं मागं बघितलं नाही. कोण कोण होतं ते त्याला नंतर कळलं, आणि तेही एकसारखं नाही. ज्यानं त्यानं आपलं नाव आधी सांगितलं. एवढं मात्र सगळे सांगतात, की दोन हजार चारला ट्रॉलीवर असलेल्यांपैकी दोघं ढकलायला होते, आणि दोघं पानटपरीशी उभे राहून पलीकडच्या रानाकडं बघत होते. तिथं आता ऊस नाही. मोकळं रान आहे. तरी बघत होते.

दुपारी पंगती बसल्या. कुशाबाई बायकांच्या पंगतीत होती. तिच्या दोन्ही बाजूंना बसायला जरा रेटारेटी झाली, ते तिला आवडलेलं दिसलं नाही. जेवताना ती कुणाशी फार बोलली नाही. आमटीत मीठ कमी आहे, एवढं म्हणाली. त्यावरून स्वयंपाक्यात आणि तिच्यात थोडं वाजलं. भरत उठायला लागला होता, उज्ज्वलानं त्याचा सदरा धरून खाली बसवला.

संध्याकाळ व्हायच्या आत कुशाबाई त्याच्या घरी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चावी परत दिली, आणि फडक्यात बांधलेलं एक गाठोडं ओट्यावर ठेवलं. त्यात पाच भाकरी होत्या आणि आमटीचा डबा.

"ह्या वर जायच्यात," ती म्हणाली. "रामनाथला. आमचं हे गेल्यापास्नं कुणी गेलं न्हाई. माझं तुजं झालं, त्याचं काय? त्याला ढकलून पाय येनार हाय का?"

भरतनं गाठोडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटरसायकलला पिशवी अडकवत होता. पिशवीत गाठोडं आणि ती जाड वही. डाव्या बाजूची सहा पानं त्यानं पौषातच भरली होती, अक्षर काही तितकं चांगलं आलं नव्हतं. प्रमाणपत्र जूनमध्ये मिळायचं होतं, आणि बोर्डाखाली फ्रेम लावायचा विचार त्यानं कधी सोडला, ते त्यालाही सांगता येत नाही. उज्ज्वला दारात उभी राहून केस विंचरत होती.

"तिथं जाऊन काय बोलनार?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. ऐकून येतो."

"बरं," ती म्हणाली. "चहा मातुर त्यांनी इच्यारला तरच घ्या. तुमी सांगू नका."